पाळी गेली, पण चाल जाऊ देऊ नका

पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींपुढे व्यायामाचा विषय काढला की आम्हांला बहुधा एकच उत्तर मिळते. "अहो, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत पाय थारत नाहीत. आणखी व्यायाम कसला सांगता?" हे उत्तर खोटे नाही. पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे, नातवंडे, आजारी माणसाची सेवा, हे सारे त्याच करतात. पण याच भगिनी बडोदे स्टेशनावरचा जिना चढताना मध्येच कठडा धरून उभ्या राहतात, पदराने घाम टिपतात आणि म्हणतात, "वय झालं आता."

वय झाले हे खरे. परंतु दम लागण्याचे सारे खापर वयावर फोडता येत नाही. त्यातला बराच भाग वापर कमी झाल्याचा असतो, आणि वापराने तो परतही मिळतो. पाळी गेल्यावर हे का महत्त्वाचे ठरते आणि ते करावे कसे, याचा विचार आपण या लेखात करू.

पाळी जाते तेव्हा काय होते

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे डॉक्टर समजतात. आपल्या देशात हे वय सरासरीने ४६-४७ च्या आसपास येते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या सुमारास असते. म्हणजे आपल्याकडील बाईला पाळी गेल्यानंतर पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ काढायचा असतो. हा आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. तो कसा जाणार, हे पुष्कळसे पन्नाशीच्या आसपासच्या सवयींवर ठरते.

पाळी चालू असते तोवर बीजकोशांतून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. पाळी जाते म्हणजे हा पुरवठा अगदी कमी होतो. त्याचे परिणाम एकाच जागी दिसत नाहीत. रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागते. पूर्वी मांड्यांवर आणि कुल्ह्यांवर साठणारी चरबी आता पोटावर साठू लागते. रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होतो. पाळी चालू असताना हृदयविकाराच्या बाबतीत स्त्रियांना पुरुषांपेक्षा जे थोडे संरक्षण असते, ते हळूहळू संपते. "हार्टचे दुखणे पुरुषांचे" ही समजूत या वयात धोक्याची आहे.

दुसरा परिणाम हाडांवर होतो. जुने हाड झिजणे आणि नवे भरणे हे काम शरीरात जन्मभर चालते. इस्ट्रोजेन कमी झाले की झीज भरण्यापेक्षा वेगाने होते. पाळी जाण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हा वेग सर्वांत जास्त असतो. या काळात हाडांची घनता दहा टक्क्यांपर्यंत, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक, उतरते. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते, तेव्हा कळते. पुढे सत्तरीत खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण सुटेलच असे नसते.

तिसरी गोष्ट स्नायूंची. तेही वयाबरोबर बारीक होतात. वजनकाट्यावर आकडा तोच दिसतो, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी अदलाबदल झालेली असते.

घरकामाने दमतो, मग दमसास का वाढत नाही

फुप्फुसे हवेतून प्राणवायू घेतात, हृदय तो रक्ताबरोबर पाठवते आणि स्नायू तो वापरतात. या तिघांनी मिळून जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, त्याला आपण दमसास म्हणू. व्यायाम नसेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी तो साधारण दहा टक्क्यांनी घटतो. जिना मात्र तेवढाच उंच राहतो. तिशीत त्या जिन्याला आपल्या ताकदीचा निम्मा वाटा लागत असेल, तर साठीत पाऊण वाटा लागतो. म्हणून जिना वाढल्यासारखा वाटतो.

आता घरकामाचे पाहू. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते तिला एक माप धरले, तर उभ्याने स्वयंपाकाला सुमारे दोन मापे लागतात. केर काढायला तीनच्या आसपास लागतात. झपाझप चालायला चार ते पाच लागतात. शिवाय घरकाम तुटक असते. दोन मिनिटे केर काढला, दूध उतू जाते म्हणून धावलो, मग दारावर कोणी आले. हृदयाला सलग दहा-पंधरा मिनिटे जोमाने काम करण्याची वेळच येत नाही. कंबर दुखते, पाय भरून येतात, जीव कंटाळतो. हा थकवा खरा आहे, पण त्यातून दमसास फारसा वाढत नाही.

घरकाम वाया जाते असे मात्र आम्ही म्हणत नाही. बसून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. आपल्या आईने पाटा-वरवंटा, जाते आणि विहिरीचा रहाट ओढला. आपल्याकडे मिक्सर, गॅस आणि नळ आहे. ही सोय चांगलीच झाली. तिच्याबरोबर जो व्यायाम गेला तो दुसऱ्या वाटेने परत आणायचा, एवढेच.

एरोबिक व्यायाम म्हणजे काय

एरोबिक हा शब्द ऐकला की कित्येकींच्या डोळ्यांपुढे घट्ट कपडे घालून गाण्यावर उड्या मारणाऱ्या मुली येतात. त्याचा मूळ अर्थ साधा आहे. प्राणवायूच्या पुरवठ्यावर बराच वेळ सलग चालू ठेवता येतो तो एरोबिक व्यायाम. झपाझप चालणे, पोहणे, सायकल, जिने चढणे, तालावर फेर धरणे हे सारे त्यात येते. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून हा शब्द घरोघर पोचला. पुढे त्यांनी डॅलस शहरात व्यायामाच्या अभ्यासाची संस्थाही काढली.

आपली चाल पुरेशी जोमाची आहे की नाही, हे ओळखायला यंत्र नको. चालताना शेजारणीशी वाक्य पुरे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी चाल योग्य. गाता आले तर चाल मंद आहे. दोन शब्दही बोलवत नसतील तर ती फार झाली. दुसरी खूण पावलांची. मिनिटाला शंभर पावले, म्हणजे पंधरा सेकंदांत पंचवीस, ही मध्यम जोमाची चाल समजतात. घड्याळ हातात धरून एकदा मोजून पाहावे.

किती केले म्हणजे पुरे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेली शिफारस अशी आहे. आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम जोमाचा एरोबिक व्यायाम करावा, किंवा ७५ मिनिटे जोरकस करावा. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम असावा. ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा. १५० मिनिटे म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

हा आकडा ऐकून पुष्कळ भगिनी सुरुवातच करीत नाहीत. त्यांना आम्ही एक अभ्यास सांगतो. तो पाळी गेलेल्या स्त्रियांवरच झाला आणि वर सांगितलेल्या डॅलसच्या संस्थेत झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४६४ स्त्रिया होत्या. त्या बैठ्या सवयीच्या आणि जास्त वजनाच्या होत्या, रक्तदाबही थोडा चढा होता. काहींना व्यायाम दिला नाही. बाकींचे तीन गट केले आणि सहा महिने व्यायाम दिला. पहिल्या गटाचा व्यायाम आठवड्याला सरासरी ७२ मिनिटे, दुसऱ्याचा १३६ आणि तिसऱ्याचा १९२ मिनिटे झाला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा दमसास अनुक्रमे सुमारे ४, ६ आणि ८ टक्क्यांनी वाढला.

यातून दोन गोष्टी कळतात. जास्त केले तर जास्त लाभ, ही एक. दुसरी आम्हांला अधिक मोलाची वाटते. दिवसाला दहा-अकरा मिनिटांइतक्या थोड्या व्यायामानेही पाळी गेलेल्या बाईचा दमसास वाढतो. शरीराची शिकण्याची ताकद पाळीबरोबर जात नाही. त्याच अभ्यासात वजन फारसे उतरले नाही आणि रक्तदाबातही विशेष फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून महिनाभर चालून काटा हलला नाही तरी निराश होऊ नये, आणि चालायला लागलो म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील परिचारिकांचा. ४० ते ६५ वयाच्या ७२,४८८ स्त्रियांवर आठ वर्षे लक्ष ठेवून १९९९ साली त्याचा निष्कर्ष छापला गेला. आठवड्याला तीन तास किंवा अधिक झपाझप चालणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. ज्या आधी बैठ्या होत्या आणि मध्यम वयात किंवा त्यानंतर चालू लागल्या, त्यांनाही धोका कमी राहिला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चालणाऱ्या बायका इतर बाबतींतही काळजी घेणाऱ्या असू शकतात. तरी "आता फार उशीर झाला" या म्हणण्याला त्यात आधार सापडत नाही.

अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, त्यावर चालण्याचा उपयोग होतो का, असेही विचारले जाते. चालण्याने वाफा हमखास थांबतात असे सिद्ध झालेले नाही. झोप मात्र चांगली लागते आणि मन हलके होते. मधुमेह असणाऱ्या भगिनींनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते.

हाडांसाठी केवळ चालणे पुरत नाही

चालण्याने हृदयाला जेवढा लाभ होतो तेवढा हाडांना होत नाही. हाडावर भार पडला, स्नायूने त्याला ओढले, की ते बळकट राहते. पोहणे आणि सायकल यांत शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही, म्हणून हाडांसाठी ती उपयोगाची नाहीत. चालणे बरे, पण त्याला जोराच्या व्यायामाची जोड हवी. त्यासाठी पैसे मोजून व्यायामशाळेत जायलाच हवे असे नाही.

१. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी.

२. ओट्याला हलकेच हात लावून टाचा उचलणे, क्षणभर थांबून खाली टेकवणे. दहा ते पंधरा वेळा.

३. भिंतीला तळवे लावून, एक हात अंतरावर उभे राहून, दंड काढल्याप्रमाणे भिंतीकडे जाणे आणि परत येणे. दहा वेळा.

४. पाण्याने भरलेली लिटरची बाटली प्रत्येक हातात घेऊन कोपरातून वर-खाली करणे. दहा वेळा. सोपे वाटू लागले की भार वाढवावा.

५. ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, मग दुसऱ्या. हा तोलाचा सराव. पडणे टळले तर हाड मोडणेही टळते.

हा क्रम दोन वेळा केला तरी पंधरा मिनिटांत आटपतो. एक दिवसाआड करावा. ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे तपासणीत आढळले आहे, त्यांनी कंबरेतून वाकून ओझे उचलणे, उताणे झोपून धड उचलणे आणि कंबर पिरगाळण्याचे प्रकार टाळावेत. मणका दबण्याची भीती असते.

हाडांना माल मिळाला नाही तर व्यायाम काय करणार? पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे आपल्या देशातील पोषण-तज्ज्ञ सांगतात. कपभर दुधातून किंवा दह्यातून दोन-अडीचशे मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. तीळ आणि हिरव्या पालेभाज्या त्यात भर घालतात. स्नायूंसाठी डाळी, उसळी, अंडी, मासळी असावी. घरातल्या सर्वांना वाढून उरेल ते आपण खाण्याची जुनी सवय या वयात महागात पडते. ड जीवनसत्त्वासाठी थोडे उन्हात बसावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास तपासणी करून घ्यावी.

बडोद्याला व्यायाम नवा नाही

आपल्या शहराला व्यायामाची जुनी परंपरा आहे. जुम्मादादांची तालीम आणि तिला नावारूपाला आणणारे राजरत्न प्रा. माणिकराव यांचे नाव जुन्या बडोदेकरांना सांगावे लागत नाही. १९३६ सालापासून द. चिं. मुजुमदार यांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत येथूनच काढला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, दंडबैठका यांची एवढी माहिती एकत्र केलेला ग्रंथ क्वचितच सापडेल. पण तालमीत जायचे ते मुलांनी, आणि परतलेल्या मुलाला दूध तापवून द्यायचे ते आईने, अशीच बहुतेक घरांची रीत होती. आईच्या हृदयालाही व्यायाम लागतो, हा विचार फारसा झाला नाही.

बायकांचा व्यायाम मात्र खेळाच्या रूपाने होताच. मराठी घरांतली फुगडी आणि झिम्मा, गुजराती शेजारणींचा गरबा हे उत्तम एरोबिक व्यायाम आहेत. टाळीच्या तालावर फेर धरून अर्धा तास फिरले की दमसासाचे काम होते, आणि पाय आपटल्याने हाडांनाही थोडा भार मिळतो. अडचण एवढीच की वर्षाचे साडेतीनशे दिवस बसून काढायचे आणि नवरात्रात नऊ रात्री तीन-तीन तास नाचायचे, हे शरीराला मानवत नाही. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना काहींचा हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्यांना गरब्याची आवड आहे त्यांनी तो आठवड्यातून दोन संध्याकाळी, घरासमोरच्या अंगणात चार जणींनी मिळून, वर्षभर वीस मिनिटे खेळावा. मग नवरात्र जड जाणार नाही.

चालायला जागा नाही असेही बडोद्यात म्हणता येणार नाही. महाराज सयाजीरावांनी १८७९ साली लोकांसाठी कमाटी बाग केली. पहाटे तेथे साडी नेसून, पायांत कापडी बूट घालून चालणाऱ्या साठीच्या बायका रोज दिसतात. पहिल्या दिवशी साडीखाली बूट घालायला लाज वाटते. आठ दिवसांत ती जाते. सपाता मात्र चालण्याच्या कामाच्या नाहीत. त्या घसरतात आणि टाचा दुखतात.

बारा आठवड्यांचा क्रम

आजवर अजिबात चालत नसलेल्या भगिनीने पुढील क्रम धरावा. आठवड्यातून पाच दिवस चालावे.

पहिला आणि दुसरा आठवडा: रोज १० मिनिटे.

तिसरा आणि चौथा: रोज १५ मिनिटे.

पाचवा आणि सहावा: रोज २० मिनिटे.

सातवा ते नववा: रोज २५ मिनिटे.

दहावा ते बारावा: रोज ३० मिनिटे.

पहिली तीन मिनिटे आणि शेवटची तीन मिनिटे सावकाश चालावे, मधली झपाझप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपली बेरीज ७५ मिनिटांवर पोचते. डॅलसच्या पहिल्या गटाला जेवढ्या वेळात लाभ झाला तेवढी ही मजल आहे. कुणाचे पाऊल तेथेच थांबले तरी काही मिळवलेच. सलग अर्धा तास जमत नसेल तर सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटेही चालतात.

सुरुवातीला एक ठरावीक अंतर, समजा घरापासून बाजारापर्यंतचे, किती मिनिटांत कापले ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. बारा आठवड्यांनी तेच अंतर पुन्हा चालून पाहावे. वजनकाट्यापेक्षा हा हिशेब खरा.

ऋतूचे भान ठेवावे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ अंशांच्या वर जातो; तेव्हा सहाच्या आत बाहेर पडून सातच्या आत घरी यावे आणि निघताना पाणी प्यावे. पावसाळ्यात रस्ते निसरडे असतात आणि सखल भागांत विश्वामित्रीचे पाणी चढते. तेव्हा घरातच जागच्या जागी चालावे, किंवा इमारतीचा जिना वापरावा. अंधारात एकटीने जाऊ नये. दोघी-तिघी असल्या म्हणजे कुत्र्यांची भीती कमी, आणि एकीला कंटाळा आला तर दुसरी हाक मारते.

एक न बोलली जाणारी अडचण

कित्येक भगिनी चालणे सोडतात त्याचे खरे कारण त्या सांगत नाहीत. खोकताना, शिंकताना, भराभर चालताना थेंब-थेंब लघवी होते. बाळंतपणे आणि इस्ट्रोजेनची घट यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्याचा हा परिणाम आहे. यात लाजण्यासारखे काही नाही आणि वयाचा भोग म्हणून सोसण्याचेही कारण नाही.

त्यावर साधा व्यायाम आहे. अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली तो प्रसिद्ध केला, म्हणून त्याला कीगलचा व्यायाम म्हणतात. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आत ओढून पाच सेकंद धरावे, पाच सेकंद सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल ठेवाव्यात, श्वास रोखू नये. बसून भाजी निवडताना केला तरी कोणाला कळत नाही. तीन महिने नेमाने करावा. तरी फरक न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शेतावर राबणाऱ्या भगिनींसाठी

पादरा, डभोई, वाघोडिया या बाजूला कापूस वेचणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, चाऱ्याचा भारा डोक्यावर आणणाऱ्या भगिनींना आम्ही अर्धा तास अधिक चाला असे सांगणार नाही. त्यांच्या अंगाला मेहनत पुरेशी आहे. त्यांना हवी आहे विश्रांती, पोटभर जेवण आणि कंबरेची काळजी. खुरपताना दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर मागे ताणावी. भारा उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवावेत, आणि एका मोठ्या भाऱ्याऐवजी दोन लहान करावेत. सदा थकवा असेल तर रक्त कमी आहे का, हे तपासून घ्यावे.

त्यांच्या बाबतीत धोक्याची वेळ निराळी असते. मुलगा शहरात नोकरीला लागतो, शेत वाट्याने दिले जाते आणि आईला फ्लॅटमध्ये आणले जाते. "आयुष्यभर कष्ट केलेस, आता बस," असे मुलगा प्रेमाने म्हणतो. पंचावन्न वर्षे चाललेले अंग एकदम खुर्चीवर बसते, आणि तेही नेमके हाडे आणि हृदय यांचे संरक्षण गेले असताना. वर्ष-दोन वर्षांत वजन, साखर आणि गुडघे तिन्ही तक्रार करू लागतात. अशा आईला बसवू नये. भाजी आणायला पायी जाऊ द्यावे, गच्चीवर चार कुंड्यांत मेथी-टोमॅटो लावायला द्यावे, संध्याकाळी कोणीतरी तिच्याबरोबर चालावे.

सावधगिरी

हृदयविकार, दमा, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये आणि बरोबर साखरेची पुडी ठेवावी. गुडघेदुखी असली तरी चालणे सहसा बंद करू नये. सपाट जमिनीवर थोडे-थोडे चालावे, मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. गुडघा सुजला असेल त्या दिवशी मात्र विश्रांती घ्यावी.

चालताना छातीत दाब आला, जबडा, पाठ किंवा डावा हात दुखू लागला, चक्कर आली, तर लगेच थांबावे. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखता येतो. एकाएकी मोठा थकवा, मळमळ, धाप, थंड घाम एवढेच दिसते. "पित्त झाले असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. वेळेवर गेल्यास उपचार होतात.

घरच्यांना दोन शब्द

आमचा अनुभव असा की चालायची इच्छा नाही अशा भगिनी थोड्या. सकाळचा चहा, डबे, पाणी यांतून सुटका नाही अशाच पुष्कळ. तेव्हा हा लेख घरातील पुरुषांनी आणि सुना-मुलांनीही वाचावा. सकाळचा एक चहा आपला आपण केला, नळाचे पाणी एका मुलाने भरले, तर आईला अर्धा तास मिळतो. तिने मागितला नाही तरी तो द्यावा. आजारपणात तिची सेवा करायला रजा काढण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आणि भगिनींनो, घरच्यांनी देईपर्यंत वाटही पाहू नका. दहा मिनिटे कोणाला विचारून घ्यावी लागत नाहीत. उद्या सकाळी दूध तापवून झाल्यावर बूट घाला, शेजारणीला हाक मारा आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन या. तीन महिन्यांनी स्टेशनाचा तोच जिना चढून पाहा. कठड्याला हात लावावा लागला की नाही, ते आम्हांला जरूर कळवा.